अचानक ब्रेक, मागून धडक आणि भरपाईच्या तीन वाटण्या

कोईम्बतूर, ७ जानेवारी २०१७. इंजिनिअरिंगला शिकणारा वीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलवरून महामार्गाने चालला होता. त्याच्या पुढे एक कार होती. कारच्या चालकाने भर रस्त्यात अचानक ब्रेक मारला. मोटारसायकल कारच्या मागच्या बाजूवर आदळली, मुलगा खाली पडला आणि मागून येणारी बस त्याच्या अंगावर आली. जीव वाचला. डावा पाय मात्र कापावा लागला.

अशा वेळी रस्त्यावर जमलेल्या गर्दीचा निवाडा दोन मिनिटांत होतो: मागून ठोकलं ना, मग चूक त्याचीच. विमा कंपनीचा वकील पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे भरपाईचे अर्ज जिथे चालतात तिथे, हेच वाक्य कायद्याच्या भाषेत मांडतो. आणि पाय गमावलेला माणूसही, बऱ्याचदा, मनातून ते मान्य करून बसलेला असतो. त्यामुळे तो पुढच्या गाडीविरुद्ध दावाच करत नाही, किंवा मिळेल त्या रकमेवर तडजोड करतो.

कोईम्बतूरच्या या प्रकरणात तीन पायऱ्यांवर तीन वेगळी उत्तरं मिळाली. न्यायाधिकरणाने कारला दोषातून पूर्ण मोकळं केलं. मद्रास उच्च न्यायालयाने कारच्या चालकावर ४० टक्के दोष ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी तो ५० टक्क्यांवर नेला आणि अपघाताचं मूळ कारण कारचा अचानक लागलेला ब्रेक हेच आहे, असं म्हटलं. न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. अरविंद कुमार यांच्या खंडपीठाचा हा निकाल आहे. मोटार वाहन कायदा देशभर एकच असल्याने पुणे-सातारा रस्त्यावरच्या किंवा म्हापशाजवळच्या अपघातालाही तो तितकाच लागू पडतो. तो बारकाईने वाचावा असं मला वाटतं, कारण मागून धडकेच्या दाव्यात पैसा कुठे अडतो आणि कुठे सुटतो ते त्यात एका माणसाच्या गोष्टीतून दिसतं.

नियम दोघांनाही आहे

अपघात झाला तेव्हा १९८९ सालचे रस्त्यावरचे नियम लागू होते. (त्यांची जागा २०१७ च्याच जूनमध्ये नव्या नियमावलीने घेतली.) त्यातला २३ वा नियम मागून येणाऱ्या चालकासाठी होता: पुढचं वाहन एकाएकी हळू झालं किंवा थांबलं तरी टक्कर होणार नाही, एवढं अंतर ठेवा. त्याला लागूनच २४ वा नियम होता आणि तो पुढच्या चालकासाठी होता: सुरक्षिततेसाठी गरज असल्याशिवाय अचानक ब्रेक मारू नका.

न्यायाधिकरणातल्या युक्तिवादात २३ वा नियम हटकून निघतो. २४ वा मात्र अर्जदाराच्या वकिलाने काढला नाही तर कोणीच काढत नाही.

२३ व्या नियमाचं वजन किती आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या एका निकालात दिसतं. तिथे एक मारुती कार पुढच्या ट्रकवर मागून आदळली होती. ट्रकने अचानक ब्रेक मारला, असं अर्जदारांचं म्हणणं होतं. कार ट्रकच्या मागे जेमतेम १० ते १५ फुटांवर चालली होती, असं पुराव्यातून पुढे आलं. ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात १६ ते १७ मीटर, म्हणजे ५० फुटांहून जास्त, पुढे जातं. १५ फूट अंतर म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही; तेवढ्यात पाय ब्रेकपर्यंतही पोहोचत नाही. ट्रकचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही आणि अपघाताची जबाबदारी मागच्या कारवरच राहिली.

त्या निकालाच्या सात वर्षांनी त्याच न्यायालयाने कोईम्बतूरच्या प्रकरणात पुढच्या कारला सर्वाधिक दोषी धरलं. यात विसंगती नाही. २०१८ मध्ये अचानक ब्रेक हा एका पक्षाचा आरोप होता आणि तो पुराव्याने उभा राहिला नाही. कोईम्बतूरमध्ये ब्रेक मारल्याचं कारच्या चालकाने स्वतःच सांगितलं होतं. वाद उरला होता तो एवढाच, की तसं करायला पुरेसं कारण होतं का.

कारण काय होतं

कारच्या चालकाचं म्हणणं असं होतं की, त्याची पत्नी गरोदर होती, तिला मळमळल्यासारखं झालं, उलटी होईल असं वाटलं, म्हणून त्याने गाडी थांबवली.

हे ऐकून मन लगेच त्याच्या बाजूने झुकतं. घरचं माणूस शेजारी कासावीस झालं की कोणीही गडबडतो. पण गाडी थांबवावी की नाही हा प्रश्नच नव्हता. ती कशी आणि कुठे थांबवली, हा होता. उलटीची भावना हा पुढून आडवा आलेला बैल नव्हे. त्यात आरशात पाहायला, इंडिकेटर द्यायला, वेग टप्प्याटप्प्याने कमी करून डाव्या कडेला जायला काही सेकंद मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच धरलं: महामार्गावर वाहनं वेगात असणार हे गृहीतच आहे, म्हणून थांबू पाहणाऱ्या चालकाने मागच्यांना इशारा देणं ही त्याची जबाबदारी आहे. या चालकाने तशी काही खबरदारी घेतल्याचं कागदोपत्री कुठेच नव्हतं. भर महामार्गात एकाएकी थांबण्यासाठी दिलेलं त्याचं स्पष्टीकरण कुठल्याही बाजूने पाहिलं तरी पटण्याजोगं नाही, असं न्यायालयाने नोंदवलं.

मुलाची चूकही न्यायालयाने झाकली नाही. त्याने पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं आणि त्याच्याकडे वैध लायसन्स नव्हतं, हे खालच्या दोन्ही ठिकाणचे निष्कर्ष कायम ठेवले. मात्र घटनांची साखळी कुठून सुरू झाली, तिकडे बोट दाखवलं. कार तशी थांबली नसती तर मुलगा पडला नसता आणि बसखाली आला नसता.

दोषाची अंतिम वाटणी अशी झाली: कार ५० टक्के, बस ३० टक्के, मुलगा २० टक्के.

लायसन्सच्या मुद्द्यावर मला थांबावंसं वाटतं. २००८ मध्ये याच न्यायालयाने एका अल्पवयीन दुचाकीस्वाराच्या प्रकरणात म्हटलं होतं की, लायसन्स नसणं म्हणजे आपोआप अपघाताला हातभार लावणं नव्हे. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतल्या एका प्रकरणात हाच विचार अधिक नेमकेपणाने आला. तिथे एका मोटारसायकलवर तिघे बसले होते आणि कारने त्यांना मागून धडक दिली होती. न्यायालयाने म्हटलं की, तिघे बसणं हा कायदाभंग असेल, पण त्या भंगाचा अपघाताशी किंवा इजा वाढण्याशी संबंध दाखवता आला पाहिजे. नाहीतर त्यापोटी भरपाई कापता येत नाही. ही कसोटी मला पूर्ण बरोबर वाटते. खिशात लायसन्स असतं तर कोईम्बतूरची ती कार हळू थांबली असती का? नाही. मग २० टक्क्यांची वजावट केवळ अंतर न ठेवण्यापोटी समजावी लागते. निकालात अंतर आणि लायसन्स एकाच दमात येतात. उद्या एखादी विमा कंपनी तेवढंच वाक्य उचलून लायसन्स नसलेल्या प्रत्येक जखमीची भरपाई कापायला निघेल, अशी मला काळजी वाटते. अर्जदाराच्या वकिलाने तेव्हा २००८ आणि २०२० चे निकाल हाताशी ठेवायला हवेत.

टक्क्यांचे रुपये

टक्केवारी बदलल्यावर कोणाच्या खिशातून किती गेलं, हे प्रत्येक पायरीवर मांडून पाहण्यासारखं आहे.

न्यायाधिकरणाने एकूण नुकसान ९१,६२,०६६ रुपये ठरवलं. दोष मुलाचा २० टक्के आणि बसचा ८० टक्के. मुलाचा वाटा वजा करून ७३,२९,६५३ रुपये उरले आणि ते सगळे बसच्या विमा कंपनीकडे आले. कारच्या विमा कंपनीला एक रुपयाही लागला नाही.

उच्च न्यायालयाने कारला ४० टक्के दोष देऊन प्रकरणात आणलं, बसचा वाटा ३० टक्क्यांवर उतरवला, पण मुलाचा दोषही २० वरून ३० टक्क्यांवर चढवला. नुकसानाच्या काही बाबींखालची रक्कम कमी केली. हातात येणारा आकडा झाला ५८,५३,४४७ रुपये. म्हणजे कारला दोषी ठरवल्यानंतर मुलाच्या पदरात पूर्वीपेक्षा जवळपास पावणेपंधरा लाख रुपये कमी पडले.

दोषी वाहनं वाढली की भरपाई वाढते, असं सामान्य माणूस धरून चालतो. तसं नसतं. जखमी माणूस स्वतः अंशतः दोषी असेल तर त्याच्या दृष्टीने निर्णायक टक्का एकच, त्याचा स्वतःचा. बाकीचे टक्के म्हणजे विमा कंपन्यांमधली आपापसातली वाटणी.

सर्वोच्च न्यायालयाने एकूण नुकसान १,१४,२४,०६६ रुपये ठरवलं. त्यातून २० टक्के वजा जाता ९१,३९,२५३ रुपये. ५० आणि ३० टक्क्यांच्या प्रमाणात पाहिलं तर कारच्या विमा कंपनीचा वाटा ५७ लाखांच्या पुढे आणि बसच्या कंपनीचा सुमारे ३४ लाख २७ हजार. पहिल्या पायरीवर ज्या कंपनीला काहीच द्यायचं नव्हतं, तिचा वाटा शेवटी सर्वात मोठा झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे प्रकरण स्वतः वाहन चालवणाऱ्याचं आहे, म्हणून त्याच्या रकमेतून वजावट झाली. त्याच मोटारसायकलवर मागे कोणी बसलं असतं आणि जखमी झालं असतं, किंवा त्या कारमध्ये बसलेल्या कोणाच्या मानेला इजा झाली असती, तर त्यांच्या भरपाईतून चालकाच्या चुकीपोटी काहीही कापता आलं नसतं. वाहन त्यांच्या हातात नव्हतं. दोन किंवा तीन वाहनांच्या चुकीने अशा माणसाला इजा झाली तर तो त्यातल्या कोणाही एका वाहनाच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून पूर्ण रक्कम मागू शकतो; त्या कंपन्यांनी आपसातला हिशेब नंतर बघावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे पुन्हा एकदा नीट सांगितलं आहे. तरीही 'तुमच्या ड्रायव्हरचीही चूक होती' असं सांगून मागच्या सीटवरच्या बाईला अर्ध्या रकमेवर राजी करण्याचे प्रयत्न होतात. असं कोणी म्हटलं तर सही करू नये.

शिकत्या मुलाच्या कमाईचा हिशेब

ज्याने अजून एक रुपया कमावला नाही, त्याची बुडालेली कमाई कशी मोजायची? अशा दाव्यांत सर्वात जास्त पैसा याच प्रश्नात असतो आणि सर्वात कमी पुरावाही इथेच दिला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने मुलाचं महिन्याचं अंदाजी उत्पन्न २०,००० रुपये धरलं. वर्षाचे झाले २,४०,०००. त्यात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवले की ३,३६,०००. विशीच्या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा, १८. गुणाकार येतो ६०,४८,००० रुपये. कमावण्याची क्षमता पूर्ण, म्हणजे १०० टक्के, गेली असं धरून हा सगळा आकडा त्याच्या बाजूने जमा झाला.

गुणक कुठून येतो तर २००९ सालच्या निकालातून. १५ ते २५ वयासाठी तो १८ आहे, पुढे वयाप्रमाणे उतरत जातो. ४० टक्क्यांची वाढ ऑक्टोबर २०१७ मधल्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या निकालातून येते: चाळिशीच्या आतला, कायम नोकरी नसलेला माणूस असेल तर ४० टक्के. या दोन गोष्टी आता इतक्या पक्क्या झाल्या आहेत की त्यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो पहिल्या आकड्यावर. महिन्याचं उत्पन्न २०,००० ऐवजी १५,००० धरलं असतं तर हाच गुणाकार ४५,३६,००० वर थांबला असता. महिन्याच्या पाच हजारांनी शेवटी १५ लाख १२ हजारांचा फरक पडतो.

म्हणून शिकणारा मुलगा किंवा मुलगी जखमी झाली असेल तर पालकांनी फक्त दवाखान्याची बिलं जमवून थांबू नये. प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिका, प्रवेशाची कागदपत्रं, फीच्या पावत्या, महाविद्यालयात कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या कंपन्या काय पगार देतात याची माहिती, त्याच वर्गातून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाचं नेमणूकपत्र आणि त्याची साक्ष: हे सगळं न्यायाधिकरणासमोर आलं पाहिजे. ते आलं नाही तर न्यायाधीशाला अंदाजच करावा लागतो, आणि पुरावा नसताना केलेला अंदाज बहुधा कमीच असतो.

१०० टक्के या आकड्याबद्दलही थोडं सांगतो. डॉक्टर अपंगत्वाचा दाखला देतात तो शरीराचा किंवा त्या अवयवाचा असतो. भरपाई ठरते ती कमाईवर झालेल्या परिणामावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिलेल्या एका निकालात याचा क्रम घालून दिला आहे: अपघातापूर्वी माणूस काय काम करत होता, आता त्यातलं काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि दुसरं कुठलं काम करून पोट भरू शकतो का, हे आधी तपासा. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून यांचा वैद्यकीय टक्का एकच असतो, कमाईचं नुकसान मात्र वेगळं. त्यामुळे दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावणं टाळू नये. उलटतपासणीत त्यांना 'हा बसून काम करू शकेल का' एवढं एकच विचारलं जातं. 'रोज दोन बस बदलून, जिने चढून कामावर जाऊ शकेल का' हे अर्जदाराच्या बाजूने विचारावं लागतं.

सोबतीच्या माणसाचे पैसे

या निकालात मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला भाग मदतनिसाच्या खर्चाचा आहे. न्यायाधिकरणाने त्यासाठी १८ लाख दिले होते. उच्च न्यायालयाने ते ५ लाखांवर आणले. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा १८ लाख केले.

हे आकडे १८ च्या गुणकाने भागून पाहा. १८ लाख म्हणजे वर्षाला एक लाख, महिन्याला आठ हजार तीनशेच्या आसपास. ५ लाख म्हणजे महिन्याला तेवीसशे रुपये. तेवीसशे रुपयांत आज कोईम्बतूरला किंवा कोल्हापूरला दिवसातून तासभर येणारा माणूस तरी मिळेल का? कमी केलेल्या रकमेचा भार प्रत्यक्षात आईवर टाकला जातो. आई करेल, बहीण करेल, बायको आली तर ती करेल, असं न बोलता गृहीत धरलेलं असतं. घरातल्या बाईचं श्रम फुकट आहे असं मानल्याशिवाय हा आकडा एवढा खाली येऊ शकत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातात कायमची परावलंबी झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात दोन मदतनीस धरले होते: प्रत्येकी महिना ५,००० रुपये, गुणक १८, मिळून २१,६०,०००. या खर्चालाही कमाईसारखाच गुणक लावायचा, एकरकमी ठोकताळा नाही, हे तिथे स्पष्ट झालं. एक पाय गेलेल्या तरुणाची आणि त्या मुलीची स्थिती सारखी नाही, पण मोजण्याची रीत एकच असली पाहिजे. अर्जात 'मदतनिसापोटी पाच लाख' असा गोल आकडा लिहिण्याऐवजी महिन्याचा दर, त्याचा पुरावा आणि गुणक लिहावा. सोबतीला ठेवलेल्या माणसाला पैसे रोख न देता खात्यावर द्यावेत. घरचंच कोणी करत असेल आणि त्यासाठी त्याने नोकरी सोडली असेल, तर त्या नोकरीचा कागद लावावा.

या सगळ्या रकमेवर सर्वोच्च न्यायालयाने अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून वर्षाला ७.५ टक्के व्याज दिलं. ९१ लाखांवर ते वर्षाला पावणेसात लाखांच्या वर जातं. तरी अपघात आणि शेवटचा निकाल यांत साडेआठ वर्षं गेली, आणि ती मुलाच्या विशीतली होती.

कारमधल्यांना झालेली इजा

मागून धडकेचे बरेचसे दावे एवढे भीषण नसतात. सिग्नलला उभ्या असलेल्या कारला मागून दुसरी गाडी ठोकते, बंपर चेपतो, माणसं धडधाकट उतरतात, एकमेकांचे नंबर घेतात आणि घरी जातात. मान दुसऱ्या दिवशी सकाळी धरते. धडकेच्या क्षणी धड सीटबरोबर पुढे ढकललं जातं, डोकं मागे राहतं आणि मग झटक्याने पुढे येतं. त्यात मानेचे स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसतं. त्यामुळे विमा कंपनीच्या नजरेत इजाच झालेली नसते.

इथे दावा टिकतो तो पहिल्या दोन दिवसांच्या कागदांवर. डॉक्टरांनी केसपेपरवर 'मान दुखते' एवढंच न लिहिता 'वाहन अपघातानंतर' असं लिहायला हवं. पोलिसांत नोंद हवी, मग गाडीचं नुकसान किरकोळ असलं तरी. दोन्ही गाड्यांचे हलवण्यापूर्वीचे फोटो हवेत, कारण पुढचं वाहन कुठल्या लेनमध्ये, किती तिरकं उभं होतं हे पंचनाम्यात नेहमी नीट येत नाही. गाडीत समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा (डॅशकॅम) असेल तर त्याचं चित्रीकरण त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून ठेवावं. काही दिवसांत त्यावर नवं चित्रीकरण चढतं. पुढची गाडी अचानक थांबली असं तुमचं म्हणणं असेल तर पोलिसांना दिलेल्या पहिल्या जबाबातच ते यायला हवं. सहा महिन्यांनी अर्जात पहिल्यांदा आलेलं ब्रेकचं म्हणणं वकिलाने सुचवलेलं वाटतं, आणि समोरचा वकील तसं म्हणतोच.

न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. कोणती गोष्ट घडल्याची शक्यता जास्त आहे, यावर निर्णय होतो. कोईम्बतूरमध्ये कारच्या चालकाने दिलेलं कारणच त्याच्याविरुद्ध गेलं, हे विसरू नये. समोरच्या चालकाला साक्षीसाठी उभं करणं, त्याला 'का थांबलात, आरशात पाहिलंत का, इंडिकेटर दिला का' असं एकेक विचारणं अर्जदाराच्या फायद्याचं असतं. आणि त्यासाठी तो, गाडीचा मालक आणि त्यांची विमा कंपनी अर्जात पक्षकार असायला हवेत. साखळीतलं प्रत्येक वाहन पक्षकार करावं. कोणाला वगळायचं ते न्यायाधिकरण ठरवेल.

अर्ज कुठे करायचा, याची मुभा कायद्याच्या १६६ व्या कलमात आहे. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे. तमिळनाडूत शिकायला गेलेल्या नाशिकच्या मुलाचा तिथे अपघात झाला तर त्याला प्रत्येक तारखेला कुबड्या घेऊन रेल्वे पकडायची गरज नाही. नाशिकला अर्ज करता येतो.

मुदत मात्र बदलली आहे. २०१७ च्या अपघाताला दाव्याची मुदतच नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिने अशी मर्यादा लागू झाली. त्याबरोबर पोलिसांवर नवी जबाबदारी आली: ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा. त्या सविस्तर अहवालाची प्रत जखमीला मागता येते आणि मागावीच, कारण पोलिसांनी दोष कोणाच्या माथी मारला आहे ते त्यात पहिल्यांदा कळतं आणि त्याला उत्तर देण्याची वेळ हातात राहते. पाय कापल्यावर जखम भरणं, कृत्रिम पायाचं माप, पुन्हा उभं राहायला शिकणं यांतच सहा महिने सहज निघून जातात. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि ते प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. अंतिम निर्णय काय होईल यावर विसंबून न राहता अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. अपंगत्वाचा दाखला, राहिलेली बिलं आणि वाढीव मागणी नंतरही जोडता येते.